गुलाबदाणी देऊन टाकायला ग्वाल्हेरला

लोक ग्वाल्हेरला किल्ला बघायला जातात. मी गेले ते घरातलं एक पाप संग्रहालयात सोडून यायला. बरं, पाप माझंही नव्हे, खापरपणजोबांचं!

आमच्या घराण्याचा एक पाय पुण्यात, एक ग्वाल्हेरच्या लष्कर भागात. तिथे खासगी बाजारात माझी काकू राहते. तिची नात ऋचा, तिचं लग्न फाल्गुनात ठरलेलं. डिसेंबरात तिचा फोन आला, "आत्या, इथे म्यूझियममध्ये एग्झिबिशन लागली आहे, अंग्रेजांच्या जमान्यातल्या सजावटीच्या चीजा. आजी बोलते, माझ्या लग्नाच्या आधी गुलाबदाणी तिथेच देऊन टाकू. तू आ जा ना, मुझ अकेली से नहीं संभलेगी."

ही गुलाबदाणी चांदीची, उंच मानेची, अंगभर वेलबुट्टी. सत्तावन्नच्या बंडात आमच्या पूर्वजांनी लपलेल्या शिपायांचा ठावठिकाणा गोऱ्या साहेबाला सांगितला आणि त्याचं हे बक्षीस, अशी घरात पिढ्यान्‌पिढ्या कुजबुज. पुरावा काय, तर बुडाशी कोरलेलं 'मेड इन इंग्लंड'. म्हणून ती कुणी वापरली नाही, विकायचं धाडसही केलं नाही. इतकंच काय, घरच्या कुठल्याच कार्यात गुलाबपाणी शिंपडायचं नाही, असा कुळाचारच होऊन बसला. माझ्या लग्नात सासूबाईंनी "गुलाबपाणी कुठाय?" विचारलं, तेव्हा आई खाली मान घालून म्हणाली होती, "आमच्यात नसतं."

पुण्याहून थेट गाडी आहे. थंडीत जाणार असाल तर धुक्यामुळे ती उशिरा पोचणार हे धरूनच चाला, आणि पुण्याच्या स्वेटरवर विसंबू नका. स्टेशनवरून ई-रिक्षा थोडक्या पैशांत बाड्यापर्यंत, म्हणजे लष्करातल्या मुख्य चौकापर्यंत, सोडते. पुढे टोपी बाजाराच्या गल्ल्यांतून सरळ पायी चालावं. सकाळी गरम बेडई, म्हणजे डाळीचं सारण भरलेली पुरी, बटाट्याची झणझणीत रस्सेदार भाजी आणि वर जिलबी. पहिल्या दिवशी मी एकटीच किल्ला चढून आले. काकू घरीच होती, तिचं कशात लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुलाबदाणी जुन्या पातळात गुंडाळून आम्ही तिघी निघालो. रिक्षात काकूने पिशवी मांडीवर घट्ट धरलेली.

"विचारलं कोणी दिली, तर काय बोलू गं? खोटं मी नाही बोलणार. आणि खरं बोलली, तर ऋचाच्या सासरी पता लागेल."

"आजी, टेन्शन नको ना घेऊ यार," ऋचा म्हणाली, पण तिचाही आवाज बारीक झाला होता. मला तर वाटलं, रिक्षा वळवावी आणि घरी जावं.

प्रदर्शन सुरेख आहे, अर्धा दिवस नक्की ठेवा. झुंबरं, हस्तिदंती नक्षीच्या पेट्या, हत्तीच्या सोंडेची मूठ असलेली चहाची किटली. आवडलं ते हे, की कुठली वस्तू नजराणा, कुठली खरेदी आणि कुठली सरळसरळ लूट, हे पाट्यांवर आडपडदा न ठेवता लिहिलंय. 'नजराणा' वाचलं की काकू पुढे सरकायची.

तिसऱ्या दालनात ती एकदम थांबली. काचेमागे एका ओळीत बऱ्याच गुलाबदाण्या होत्या. उंच मानेच्या, अंगभर वेलबुट्टीच्या. सगळ्या आमच्याच!

"आजी, ये तो पूरी फैमिली है!" ऋचा ओरडली.

आवाज ऐकून तिथल्या अधिकारी बाई आल्या. त्यांनी आमची गुलाबदाणी उलटी करून पाहिली आणि हसल्या. "माताजी, ये तो बाजार का माल है. विलायत के कारखानों में बनता था, हिंदुस्तानी शादियों के लिए. चाँदी का सिर्फ पानी चढ़ा है, नीचे पीतल है."

"और सत्तावन?" काकूने कसंबसं विचारलं.

"सत्तावन में कहाँ! माल पर ये 'मेड इन इंग्लैंड' लिखने का चलन तो बहुत बाद का है. आपके यहाँ किसी ने शौक से खरीदी होगी."

काकू मटकन बाकावर बसली. मग माझा हात धरून म्हणाली, "पितळ आहे गं! ऐकलंस ना? पितळ आहे!" वाडवडिलांची चांदी पितळ निघाली म्हणून एवढं आनंदलेलं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. तिचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, इतका की मला रडूच आलं. खापरपणजोबांनी काय केलं, काय नाही, देव जाणे. पण त्यांच्याविरुद्ध साक्षीदार एकच होता, आणि तोच उलटला.

"मग द्यायची ना?" मी विचारलं.

"आता कशाला देऊ?" काकूने गुलाबदाणी पिशवीत टाकली. परतताना दाल बाजारात रिक्षा थांबवून तिने गुलाबपाण्याची बाटली घेतली. मी पुण्यासाठी गजक घेतली. तुम्हीही घ्या, तिळाची, खुसखुशीत असते.

पुण्यात येऊन स्वेटर धुऊन ठेवले, गजक तर दोन दिवसांत संपली. किल्ल्याचे फोटो अजून मोबाईलमध्येच पडून आहेत. संक्रांतीला काकूकडे हळदीकुंकू होतं. ऋचाने व्हिडिओ कॉल लावला. बायकांच्या घोळक्यात काकू, हातात घासूनपुसून लख्ख केलेली गुलाबदाणी. सगळ्यांवर शिंपडून झाल्यावर ती मोबाईलसमोर आली.

"घे, तुझ्या लग्नातलं राहिलं होतं," म्हणाली आणि गुलाबदाणी झटकली. पडद्यावर थेंब उडाले, आणि इकडे पुण्यात मी डोळे मिटून घेतले.