रंगवलेलं मैदान

पेव्हर ब्लॉकवर तुम्ही कधी धावत येऊन पोटावर झेप घेतली आहे का? नसेल, तर आमच्या कॉलेजला खो-खोचं मैदान आहे असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी ती घ्यायला सांगा.

आमचं मैदान मातीचं होतं. दिवाळीची सुट्टी संपली की संघातल्या सगळ्या मुली मिळून ते कुदळीनं खणायच्या, खडे वेचायच्या, बागेतला पाइप ओढून पाणी मारायच्या. त्याशिवाय सराव सुरू होत नसे. असं करा म्हणून कुणी सांगितलेलं नव्हतं. आधीच्या मुली करायच्या, म्हणून आम्हीही करायचो. आपण खणलेल्या मातीवर सूर मारायची भीती वाटत नाही.

माझ्याबरोबर सुरगाण्याकडची एक मुलगी खेळायची. अंगानं लहानखुरी, पण सूर असा मारायची की पळणारीला वाटावं आपण सुटलो, आणि तेवढ्यात टाचेला हिचा हात लागलेला असावा. वसतिगृहात तिला जागा मिळाली होती ती खेळाडू म्हणून. शेवटच्या वर्षी ती टिकवायची तर विद्यापीठाच्या संघात निवड व्हायला हवी होती. घरून रोजची ये-जा होण्यासारखी नव्हती आणि शहरात तिचं कुणी नव्हतं. निवड झाली नाही, तर शिक्षण तिथेच थांबणार होतं.

त्या दिवाळीनंतर आम्ही कुदळी घेऊन गेलो, तर खणायला काही उरलंच नव्हतं. कॉलेजची तपासणी करायला समिती येणार होती. आवारात धूळ दिसायला नको म्हणून सगळीकडे ब्लॉक बसवले होते. त्यांच्यावर पिवळ्या ऑइलपेंटनं मैदान आखलं होतं आणि दोन्ही खांब बोल्टनं आवळले होते. समितीपुढे आम्हाला नव्या जर्सीत बसवलं गेलं. पाहुण्यांनी फोटो काढले आणि मैदान फार स्वच्छ ठेवलंय म्हणून कौतुक केलं. ते गेल्यावर तिथे गाड्या लागायला लागल्या आणि लग्नसराईत रिसेप्शन.

जिमखान्याचे सर वाईट नव्हते. ब्लॉकवरच्या सरावाच्या पहिल्याच संध्याकाळी एकीचा गुडघा फुटला, तेव्हा ते म्हणाले, "सूर बंद. वाकून टिपा. हाडं सांभाळा, पोरींनो."

"सर, मग लगोरीच खेळू की," सुरगाण्याची म्हणाली. पण त्या दिवसापासून आम्ही सगळ्या वाकूनच टिपायला लागलो.

मातीचं मैदान परत द्या, असं पत्रक मी लिहिलं आणि छापून वाटलं. वडील सातपूरच्या कारखान्यात युनियनचं काम करायचे. मी वाचायला शिकले तीच त्यांच्या पत्रकांवर, त्यामुळे छापलेल्या शब्दानं काहीतरी हलतंच, अशी माझी समजूत होती. प्राचार्यांनी बोलावून घेतलं, चहा दिला. भाषा जोरकस आहे म्हणाले आणि वक्तृत्व स्पर्धेला नाव देऊ का, असं विचारलं. मी नको म्हणाले. एकही ब्लॉक हलला नाही.

निवड चाचणी दुसऱ्या एका कॉलेजात होती. तिथे माती होती, मऊ, पाणी मारलेली. सुरगाण्याची सुंदर धावली. मग खांबाला वळसा घालून निसटणारी एक मुलगी तिच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर आली. आता सूर मारणार, म्हणून कडेला उभी असलेली मी दोन पावलं पुढे सरकले. ती वाकली, हात लांबवला आणि पायांवर उभीच राहिली. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. निवड करणाऱ्या बाई शेजारच्यांना म्हणाल्या की हिला सूर मारता येत नाही. नंतर संघ वाचून दाखवला, त्यात ती नव्हती.

येताना आमची रिक्षा द्वारका चौकातल्या गर्दीत अडकली.

"माती दिसत होती गं मला," ती म्हणाली. "पण अंग पडायलाच तयार नाय."

सरांनी काळजीपोटी सांगितलं, तिनं मनापासून ऐकलं, आणि ऐकणं इतकं अंगात मुरलं की तिच्या हातातली एकच गोष्ट गेली. महिन्याच्या आत तिनं वसतिगृह सोडलं. मी स्टँडवर गेले होते. आम्ही गाडी किती वाजता पोचेल एवढंच बोललो.

आता संघात पहिल्या वर्षाच्या मुली आहेत. अधूनमधून मी त्यांना शिकवायला जाते. त्यांनी कधी सूर मारलेला नाही. वाकतात मात्र छान. मी सूर म्हटलं की त्या आधी ब्लॉककडे बघतात, मग अदबीनं माझ्याकडे. कॉलेज ते ब्लॉक उखडणार नाही. हे मान्य करायला मला फार वेळ लागला आणि ते लिहिताना स्वतःचीच चीड येते. पण पुढची चाचणी जवळ आली आहे आणि या मुलींतही एकीची वसतिगृहातली जागा त्यावरच टिकून आहे.

म्हणून एक मागणी. नाशकात तुमच्या शाळेचं, मंडळाचं, सोसायटीचं मातीचं मैदान असेल, तर संध्याकाळचा एक तास या मुलींना द्या. ज्यांच्या ताब्यात ते आहे, त्यांच्याशी याच आठवड्यात बोला.