चाकांचे तीन दिवे

विमानात मी एकदाच बसलोय, तेही मधल्या सीटवर, डोळे गच्च मिटून. तरीही सोलापुरातल्या आमच्या मागच्या खोलीत, वैमानिकापुढे असतो तसा दिवे-बटणांचा एक फळा मी वर्षभर खपून बनवला. संगणकावर विमान उडवायचं आणि त्याची खबर या फळ्यावर मिळायची, असा बेत. बायको त्याला आरास म्हणायची. शेजारच्या काकूंनी तर तो गणपतीसाठी मागूनही पाहिला.

खरी धडपड होती ती आप्पांसाठी. माझ्या वडिलांनी हयातभर यंत्रमाग दुरुस्त केले. मी बँकेतला खर्डेघाशा. माझ्या हातात पाना दिसला की ते तो काढून घ्यायचे. एकदा तरी त्यांनी मला कारागीर म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

म्हणून त्यांना बोलावलं. फळ्यातले दिवे एकाच पट्टीवर ओळीने बसवलेले, पण प्रोग्रॅममधून प्रत्येकाला वेगळा रंग सांगता येतो. चाकं नीट उघडली की तीन हिरवे लागायचे होते. मी ऐटीत फळ्यावरचा चाकांचा दांडा खाली ओढला. तिन्ही लाल. या जातीच्या दिव्यांना आधी हिरव्याचा आकडा द्यायचा असतो, मग लालचा. मी उलटं लिहिलं होतं. तपासताना मी शहाण्याने सगळे पांढरे लावून पाहिले होते, आणि पांढऱ्यात सगळ्या रंगांचे आकडे सारखेच, म्हणून ही चूक दिसतच नाही.

"लाल म्हंजे?" आप्पांनी विचारलं.

"म्हणजे चाकं उघडली," मी बेधडक ठोकून दिलं.

ते खूश होऊन गेले. मी लगेच आकड्यांची अदलाबदल केली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो.

दुसऱ्या दिवशी आप्पा कारखान्यातल्या एका जुन्या मित्राला घेऊन हजर. आता तीन लाल लागतील, असं सांगून दांडा त्यांनीच ओढला. लागले हिरवे. त्यांचा चेहरा पडला. तरी मित्राला माझ्या वतीने सांगू लागले, की पोरगं हुशार हाय, कुठंतरी तार निसटली असंल.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं कबूल केलं. मित्र पोट धरून हसले. आप्पा हसले नाहीत.

"कालच सांगायचं की," ते म्हणाले. "काल मी टेस्टर खिशात घालूनच आलो हुतो. दोघांनी मिळून बघितलं असतं."

मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. आज त्यांनी टेस्टर आणला नव्हता.