माझ्या वडलांनी न उडवलेला रणगाडा

तमाम नागरिक, आप्तेष्ट, आमच्या कॉलनीचे आजी-माजी पदाधिकारी आणि कन्नड तालुक्यातली आईची समस्त माहेरची मंडळी यांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की माझ्या वडलांनी शत्रूचा एकही रणगाडा उडवला नव्हता. एकही नाही. अर्धाही नाही. ही हकिगत माझ्या तोंडून ऐकून ज्यांनी मला खूश होऊन चहा पाजला, त्यांनी तो परत मागू नये. तो केव्हाच पचला आहे.

अण्णा गेल्या वर्षी गेले, त्र्याऐंशी वर्षांचे होऊन. दुपारी जेवले, आपलं ताट आपणच घासून ठेवलं, पलंगावर जरा आडवे झाले आणि आटोपलं. सगळं आयुष्य जसं वेळेवर उरकलं, तसंच हेही. फुलंब्रीपलीकडच्या एका खेड्यातून विशीत फौजेत गेलेला हा माणूस एकाहत्तरच्या लढाईत होता, हे खरं. दोन पदकं होती, हेही खरं. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा मोठा डाग होता, हे तर सगळ्या जगाला दिसायचं. माझी कलाकारी सुरू झाली ती या डागापासून.

कारण अण्णा फौजेत आचारी होते.

आमच्या भावकीत, जमीनजुमलेवाल्या घरात, बाप्यानं चुलीपुढं बसणं म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. माझ्या आजीनं गावात सांगितलं होतं, "पोरगं बंदूक घेऊन उभं राहतंय." लग्न जमवताना आईच्या वडलांनाही तेच सांगण्यात आलं. आईला खरं कळलं ते लग्नानंतर, अण्णांनी एका हातानं परातभर कणीक मळली तेव्हा. तिनं उठून खिडकी लावून घेतली. पुढं आम्ही शहरात राहायला आलो, अण्णा वाळूजला एका कारखान्याच्या गेटवर नोकरीला लागले, तरी तो नियम कायम. पहाटे पाचला अण्णा आमचे डबे करायचे, माझ्या बहिणीच्या दोन वेण्या घालायचे, त्याही अशा आवळून की तिचे डोळे दिवसभर ताठ राहत, आणि हा सगळा संसार खिडकी बंद करून चालायचा.

एकच पंचाईत होती. घरातल्या चार माणसांचं प्रमाण त्यांना येत नसे. आई माहेरी गेली की खिचडी अंघोळीचं पाणी तापवायच्या पातेल्यात. आणि ती उरली की अण्णांचं चित्त थाऱ्यावर नसे. एक चपाती जरी टोपल्यात राहिली, तरी ते घरभर येरझाऱ्या घालायचे. "घे की. एवढीच हाय." मी पोट फुगवून दाखवायचो. मग ते ती घेऊन रस्त्यावर जायचे आणि कुणी तरी खाईपर्यंत परत यायचे नाहीत. आई चिडायची, "उरलं तर काय आभाळ कोसळतंय का?" अण्णा उत्तर देत नसत. ते कशालाच उत्तर देत नसत. दिवसाला पंधरा-वीस शब्द, त्यातले दहा "घे की"मध्ये संपलेले.

तिसरीत असताना मी वर्गात खरं बोललो होतो. गुरुजींनी विचारलं, वडील फौजेत काय करतात? मी उभा राहिलो आणि छाती काढून म्हणालो, "पोळ्या लाटतात." वर्ग जो हसला, ते हसणं थांबवायला गुरुजींना फळ्यावर डस्टर आपटावा लागला. आणि मग स्वतः गुरुजी हसले.

त्या दिवसापासून मी कामाला लागलो. चौथीत हातावरचा डाग तोफगोळ्याचा झाला. आठवीत त्यात हातबॉम्ब आला. कॉलेजात रणगाडा आला, कारण तिथं मुली होत्या. इयत्ता वाढेल तसं शस्त्र वाढत गेलं. आणि तीनेक वर्षांपूर्वी गणपतीच्या मांडवात मी तोच रणगाडा कॉलनीच्या अध्यक्षांना इतका रंगवून सांगितला, की मला स्वतःलाच बारुदाचा वास आला.

जानेवारीत अध्यक्ष घरी हजर. "भाऊ, यंदा झेंडावंदन काकांच्या हस्ते. आणि काका दोन शब्द बोलतील."

"ते बोलत नाहीत हो," मी हसत म्हणालो.

"बोलतो," आतून अण्णा म्हणाले.

पुढचे आठ दिवस मी कसे काढले, ते माझ्या चपलांना विचारा. गच्चीवर फेऱ्या, चौकापर्यंत फेऱ्या. जेवताना उठायचो, टीव्ही लावायचो, बंद करायचो. माझी लाज गेली तर गेली, ती तशीही सैल होती. पण तिसरीतलं ते हसू माझ्या कानात होतं. ऐंशी ओलांडलेला माणूस माइकपुढं उभा राहून "मी आचारी होतो" म्हणणार, आणि ते हसू पुन्हा येणार, आता दीडशे लोकांचं, आणि तेही त्यांच्या तोंडावर. मी रचलेल्या रणगाड्यामुळं.

"अण्णा, थंडी लई आहे. खोकला होईल."

"मला खोकला नाय."

"होईल ना."

"झाल्यावर बघू."

आईकडं गेलो. ती मटार सोलत होती. "तू सांग त्यांना, नका जाऊ म्हणून."

"मी पन्नास वर्सं सांगितलेलं एक तरी ऐकलंय का त्यांनी?" आई म्हणाली. "आन् तुला कुणी सांगितलं व्हतं रणगाडे उडवायला? एखादी बंदूक पुरली नसती व्हय?"

आदल्या दिवशी पहाटेच चौकात बॅनर लागला. 'शत्रूचा रणगाडा उद्ध्वस्त करणारे रणवीर.' खाली शुभेच्छुकांचे तेरा फोटो. वर अण्णा, म्हणजे चेहरा अण्णांचा, बँकेच्या पासबुकावरचा, घाबरलेला, आणि गळ्याखाली भलत्याच कुणाचं तरी भरदार शरीर, हातात मशीनगन. मी त्यांना सकाळी दुसऱ्या गल्लीनं फिरायला न्यायचं ठरवलं. ते निमूट आले आणि परतताना निमूटपणे चौकाकडं वळले. चष्मा पुसला. बॅनर वाचला, शुभेच्छुकांसकट सगळा. मी शेजारी एका पायावरून दुसऱ्या पायावर.

"हे हात माझे नायत," ते म्हणाले आणि चालू लागले.

सव्वीस जानेवारीला मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या, पहिल्या रांगेत आई शाल पांघरून. अण्णा जुन्या कोटात, पदकं लावून. झेंडा फडकला, राष्ट्रगीत झालं, जिलेबीच्या टोपल्या बाजूला येऊन थांबल्या. मी बेत आखून ठेवला होता. अण्णांनी तोंड उघडलं की माइकशी जायचं आणि म्हणायचं, "बघा, खरा वीर किती विनम्र असतो!" टाळ्या, जिलेबी, घरी.

अण्णा माइकपुढं उभे राहिले. "जय हिंद. त्या बॅनरवर लिवलंय, ते मी केलेलं नाय. मी फौजेत आचारी होतो."

मागच्या रांगेत कुणी तरी फिसकन हसलं. मी उठलो, दोन खुर्च्या पाडल्या, माइकशी पोचलो, तोंडही उघडलं. अण्णांनी माझ्याकडं न बघता तळहात वर केला. सबंध जन्मात त्यांनी माझ्यावर हात उचलला नव्हता. त्या दिवशी नुसता दाखवला आणि मी होतो तिथं थिजलो.

अध्यक्ष कासावीस. "काका, मग तो रणगाडा?"

"माझ्या लेकाला विचारा. त्यानं उडवलाय."

मैदान हसलं. खळखळून हसलं, आणि सगळं माझ्यावर. काय सांगू, इतकं गोड हसू मी आजवर ऐकलेलं नाही. मी वाकून नमस्कारही केला. म्हटलं, सुटलो, आता ते खाली बसतील. पण ते बसले नाहीत.

"डिसेंबर होता," अण्णा म्हणाले. "वरच्या चौकीवर आमची बेचाळीस माणसं. दोन दिवस कोरडं खात होती. तिसऱ्या दिवशी हुकूम आला, गरम जेवण वर न्या. दोघं चपात्या घेऊन, मी डाळ घेऊन. भांडं खांद्यावर घेतलं, उजव्या हातानं धरलं. वाटेत गोळे पडायला लागले. मी घसरलो, झाकण उडालं, डाळ हातावर आली. भांडं सोडलं असतं तर हात वाचला असता. पर मग वर काय वाढू? तसाच धरून चढलो."

त्यांनी कोटाची बाही जरा वर केली, पुन्हा नीट केली.

"पोचलो. वाढलं. बेचाळीस माणसांचं होतं, त्यात वाटंत सांडलेलं. कमी पडायला पायजे होतं. तर उरलं. अर्धं भांडं उरलं. मी सुभेदारसाहेबांना म्हटलं, साहेब, जेवायची अजून कोण राहिलीत? साहेब म्हणाले, कुणी नाय. सगळे जेवले."

मागची रांगसुद्धा हलत नव्हती. झेंड्याची दोरी तेवढी खांबावर टकटक वाजत होती. माझी बहीण रुमाल शोधत होती आणि तो तिच्या हातातच होता.

"बास," अण्णा म्हणाले. "जिलेबी गरम हाय तवर घ्या."

टाळी वाजवावी की नाही, हे कुणालाच कळेना. अध्यक्ष हात जोडून उभे. आणि तेवढ्यात पहिल्या रांगेतून आई उठली. शाल खांद्यावरून घसरलेली, चेहरा लाल, डोळे भरलेले. तिला हल्ली कमी ऐकू येत असल्यामुळं ती बोलते ते ओरडल्यासारखंच असतं, आणि त्या दिवशी तर साऱ्या मैदानाला माइकशिवाय ऐकू गेलं:

"आवो, अख्ख्या कॉलनीला सांगितलंत! आन् घरात मी काय मेले व्हते व्हय?"