तपासणीच्या दिवशी निखळलेला खांदा

ते प्रकरण अजून माझ्या डोक्यात आहे. त्यात चोर नव्हता, दारुडा नव्हता, जुनं वैरही नव्हतं. जखम मात्र खरी होती.

मी सातवी शिकलेली. नवरा पोलिसात होता. तो वारला तेव्हा मला भरती करून घेतलं. त्या काळी तेवढं शिक्षण चालायचं. शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची काही वर्षं उल्हासनगरच्या एका ठाण्यात होते.

सकाळची हजेरी झाली आणि दवाखान्यातून खबर आली. जखम मारहाणीची वाटली तर डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. कॅम्प पाचमधली एक सिंधी म्हातारी होती. उजवं अंग लकव्याने गेलेलं, वाचाही गेलेली. उजवा खांदा निखळलेला आणि दंडावर बोटांचे वळ. साहेबांनी मला पाठवलं.

म्हातारीची मुलगी खाटेपाशी होती. नागपूरला दिलेली, नुकतीच माहेरी आली होती. आल्या आल्या तिने आईचा सुजलेला हात बघितला. भावजयीने नुसता बाम चोळला होता.

"माझी भाभी तापट आहे मॅडम," ती म्हणाली. "लिहून घ्या. तिनेच मारलंय."

सुनेला ठाण्यात बोलावलं. नवरा-बायकोचं बटणं आणि चेनचं दुकान होतं. दिवसा दोघंही दुकानात. म्हातारीला सांभाळायला अंबरनाथच्या, पेशंटसाठी बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोची बाई यायची. ब्युरोचा मालक त्या बाईला आणि फाईल घेऊन हजर झाला. बाईचं प्रशिक्षण झालेलं, पोलीस पडताळणी झालेली, फोटो जुळत होता. शिवाय आदल्याच दिवशी त्यांच्या सुपरवायझरने घरी जाऊन तपासणी केली होती. शेरा होता, पेशंट समाधानी.

"म्हणजे जे काय झालं ते आमची बाई निघून गेल्यावर," मालक म्हणाला.

गेल्यावर घरात होती ती सून. साहेबांनी तिला सरळ विचारलं. "मी मारलं नाही," एवढंच ती म्हणाली. गुन्हा तिच्यावर दाखल व्हायची वेळ आली होती आणि ती आणखी काही सांगत नव्हती.

मला दुसरंच काहीतरी खटकत होतं. सून आणि ब्युरोची बाई एकाच बाकावर बसल्या होत्या. रोज एका घरात वावरणाऱ्या बायका एकमेकींवर चिडतात, डोळ्यांनी खुणावतात. या दोघी एसटी स्टँडवर बसल्यासारख्या बसल्या होत्या.

माणूस खुर्चीवर बसला की तोलून बोलतो. हाताला काम दिलं की विसरतो. जागा बघायची म्हणून मी दोघींना घेऊन घरी गेले आणि ब्युरोच्या बाईला म्हटलं, "जरा चहा टाक गं."

तिने ओट्यावरचा डबा उघडला, त्यात पोहे. दुसऱ्यात पापड. मग फळीवर हात घातला. सुनेची नजर मात्र फ्रीजवर गेली. चहापत्ती तिथे होती.

मी बाईला बाहेर गॅलरीत बसवलं आणि सुनेला विचारलं, "ही रोज येते?"

"नाही मॅडम. रोज हिची धाकटी जाऊ येते."

मग उलगडलं. थोरलीकडे प्रशिक्षणाचा कागद होता, पण तिला अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगचं काम लागलं. ब्युरोतलं नाव सोडवेना, म्हणून तिने बदलापूरजवळच्या पाड्यावरून आपल्या जावेला पाठवायला सुरुवात केली. आमच्याकडे कारखान्यात भावाच्या पाळीवर भाऊ जातो, तशी ही बदली. सुपरवायझर तपासणीला येण्याआधी फोन करायचा. त्या दिवशी थोरली कंपनीत खाडा करून यायची.

"एवढं माहीत होतं तर बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"ब्युरोने धाकटीला काढलं असतं. अम्मा दुसरीच्या हातचं खात नाही."

"आणि नणंद तुला आत टाकायला निघाली आहे, त्याचं काय?"

"नणंद सुटी संपली की जाईल मॅडम. अम्मा माझ्याकडेच राहणार."

गॅलरीतून थोरलीला आत घेतलं. आता तिने फार वेळ घेतला नाही. "सुपरवायझर सर बोलले, पेशंट खुर्चीत बसलेला फोटो पाहिजे. लवकर कर, अजून चार घरं आहेत. मी हाताला धरून ओढलं."

"लुळ्या हाताला?"

"कुठला लुळा ते घाईत ध्यानातच नाय राहिलं."

म्हातारी ओरडली तेव्हा सुपरवायझर म्हणाला होता, बसवताना ओरडतातच. त्याच्या फोनमधला फोटो मी मागून घेतला. खांदा खाली उतरलेला मला, सातवी पास बाईला, दिसत होता.

धाकटी ठाण्याच्या दारातूनच बोलत आली. "मी नाय मारलं ओ तिला."

"तू तिला कशी उठवतेस?"

"डाव्या अंगाने. पहिल्या दिवशी मी पण उजव्या हाताला ओढलं होतं. अशी चावली मला. तवापासून नाय धरत."

"आणि तुझ्या हातचंच का खाते?"

ती हळूच म्हणाली, "पापड देते."

डॉक्टरांनी म्हातारीचं मीठ बंद केलं होतं. मी धाकटीला चांगलंच झापलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "पापडाबिगर ती तोंडच उघडत नाय. मग औषध कसं घालू?" ते मला काय विचारतेस, डॉक्टरांना विचार म्हटलं.

थोरलीवर आणि सुपरवायझरवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. ब्युरोने दोघी जावांना काढलं. सुनेने धाकटीला परस्पर कामावर ठेवलं आणि तिची पडताळणी करून घेतली. मुलगी तक्रार मागे घ्यायला आली, म्हणाली, "मॅडम, भाभीला तुम्हीच सांगा ना, माझी चूक झाली." मी म्हटलं, पोलीस माफी पोचवत नाहीत. ती सांगायला गेली की नाही, मला माहीत नाही.

कळवून तपासणीला गेलं की तपासणीसाठी मांडलेलं घर दिसतं. रोजचं घर दिसत नाही. आम्ही सगळे विचारत होतो, कोणी मारलं. रोज कोण येतं हे मालकाने विचारलं नव्हतं, सुपरवायझरने नाही, मुलीनेही नाही.

आता माझेच गुडघे गेलेत. मुलगा म्हणतो, चांगल्या ब्युरोची बाई लावू. मी म्हटलं, लाव. पण मधल्याच एखाद्या वारी अर्धी रजा टाकून, फोन न करता घरी येत जा. आणि मी बोलायची बंद झाले तर जास्त वेळा ये.