सरांची ओळख कुणी करून द्यायची?

देसाई सरांना शेवटचं भेटले ते दवाखान्यात. मी वॉर्डात शिरले, तर पडल्या पडल्याच हात वर करून त्यांनी मला शेजारच्या खाटेकडे वळवलं. "मॅडम, हे कागलचे. यांच्या वडिलांचा बँड होता. गावात लग्न निघालं की लोक आधी यांच्या वडिलांना विचारायचे, मग मुहूर्त धरायचे." नाकात नळी असलेले ते आजोबा उठून बसायची धडपड करायला लागले. मी म्हटलं, "सर, तुमचं कसं आहे ते सांगा आधी." तर म्हणाले, "आमचं काय, चाललंय. पलीकडच्या खाटेवरच्यांची ओळख राहिली की!" मला रागच आला. माणूस निम्मा झालेला, आवाज फुटत नाही, आणि हे वॉर्डाची ओळख करून देत बसलेत. काही दिवसांनी आजऱ्याहून त्यांच्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा गेलं, मॅडम. त्यांच्या फोनात तुमचा नंबर वरच हुता." मी नुसतं "बरं" म्हटलं.

आमच्या इतिहास विभागात महिन्याच्या शेवटच्या शनिवारी खुलं व्याख्यान असतं. कुणीही यावं, बसावं, ऐकावं आणि नंतर चहा-भडंग खाऊन जावं. हे सरांनी सुरू केलं. सुरुवातीला समोर आम्हीच शिक्षक आणि हजेरीच्या धाकानं आलेली पोरं. मग हळूहळू बावड्याहून, उचगावहून माणसं यायला लागली. त्याचं कारण व्याख्यान नव्हतं, हे स्पष्टच सांगते. कारण होतं सरांचं प्रास्ताविक. सगळीकडे वक्त्याची ओळख श्रोत्यांना करून देतात. सर श्रोत्यांची ओळख वक्त्याला करून द्यायचे. "पाहुण्यांची माहिती पत्रिकेत छापलेली आहे, ती वाचा," एवढं म्हणून ते वक्त्याकडे वळायचे. "आता तुमच्यासमोर कोण बसलंय ते सांगतो. मागच्या रांगेत टोपीवाले बसलेत ते उचगावचे. यांच्या आजोबांनी संस्थानच्या हत्तींना वैरण घातली. हत्ती आजारी पडला की आजोबा जेवायचे नाहीत. खिडकीपाशी काकू आहेत त्या बावड्याच्या. कारखान्याची चिमणी उभी राहिली, तेव्हा यांच्या सासूबाईंनी डोक्यावरून विटा वाहिल्या..." दर वेळी वेगळी पाच-सहा माणसं. हातात कागद नाही, चिठ्ठी नाही. ज्याचं नाव निघालं तो महिनाभर ताठ चालायचा, आणि ज्याचं निघालं नाही तो पुढच्या महिन्यात बायकोला घेऊन यायचा.

पुण्याचे एक मोठे अभ्यासक या प्रकारानं फार चिडले होते. सरांनी त्यांचं नाव एका वाक्यात उरकलं आणि सभागृहाची ओळख वीस मिनिटं चालवली. चहाच्या वेळी ते मला म्हणाले, "हे व्याख्यान आहे की गावजेवण?" सरांनी ऐकलं आणि भडंगाची बशी त्यांच्यापुढे धरली. "गावजेवणच आहे, आपण वाढप्याच्या जागी." पुन्हा बोलावलं तरी येणार नाही, असं सांगून ते गेले. आम्हीही बोलावलं नाही.

ही माहिती सर काढायचे कुठून? दारात उभं राहून, बसस्टॉपवर, चहाचा कप हातात देता देता. प्रश्न साधाच असायचा, "गाव कुठलं? वडील काय करायचे?" पण विचारून झालं की गप्प राहायचे. तसं गप्प राहणं मला कधी जमलं नाही, मी लगेच पुढचं बोलते. त्या गप्प राहण्यात माणूस उलगडायचा. मीही फसले त्यात. नोकरीला लागले तेव्हा चहा पिता पिता काय बोलून गेले कोण जाणे, आणि पहिल्याच शनिवारी सर भर सभेत म्हणाले, "या आमच्या नव्या मॅडम. यांच्या आईनं गडहिंग्लजच्या बाजारात बसून बांगड्या भरल्या आणि तीन पोरं शिकवली." माझे कान तापले. मी चांगली इस्त्रीची साडी नेसून, प्राध्यापक म्हणून बसलेले, आणि हे काय! त्यांच्याशी भांडायचं ठरवूनच चहाला गेले. तिथं एका म्हातारीनं माझा हात धरला. "तुज्या आईकडनं चुडा भरलाय मी लग्नात. तिचा हात लई हलका हुता, येक बांगडी पिचली न्हाय." भांडण तिथंच राहिलं. या शहरात मी परकी आहे, असं त्यानंतर मला कधी वाटलं नाही. हे सरांना मी कधी बोलून दाखवलं नाही, पण त्यांना ते कळलं असणार.

सर गेले त्यानंतरचा शनिवार आधीच ठरलेला होता. व्याख्यान रद्द करून आम्ही शोकसभा ठेवली. सरांबद्दल बोलायचं माझ्याकडे आलं, कारण इतकी वर्षं शेजारच्या टेबलावर मीच. कागद घेऊन बसले. गाव आजरा. पत्नी फार लवकर गेली. चहा बिनसाखरेचा. पुढे... पुढे काही येईना. आजऱ्यात कुठं? वडील काय करायचे? हत्तीच्या वैरणीपर्यंत सगळ्या जगाचं मला ठाऊक, आणि या माणसाचं काहीच नाही. विभागात एकेकाला विचारत फिरले. जो तो सांगायचा, "सर माझ्याबद्दल काय म्हणाले होते, माहीत आहे?"

सभेला उभं राहायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत सरांचे भाऊ, शांतारामराव. काजूच्या कारखान्यात कामाला असतात. येताना पिशवीभर काजू घेऊन आले होते, "दादांच्या मानसांस्नी" म्हणून. मी माझी तीन वाक्यं बोलले आणि खाली बसले. मग माणसं उठायला लागली. उचगावचे टोपीवाले हत्तींबद्दल बोलले. काकू विटांबद्दल बोलल्या, बोलता बोलता रडल्या. कुणी वडिलांच्या तालमीबद्दल, कुणी आजीच्या विहिरीबद्दल. सभा सरांची, आणि प्रत्येकजण आपापल्या घराबद्दल बोलत होता. त्यांचा काय दोष? सरांकडून त्यांना तेवढंच मिळालं होतं, आणि तेच ते जपून घेऊन आले होते. अध्यक्षांनी तर शेवटी स्वतःच्या मामांचं सांगितलं. मी नुसती बघत बसले. थांबवणार कुणाला आणि काय सांगून?

चहाच्या वेळी शांतारामराव एका बाजूला उभे होते. मी कप घेऊन गेले. म्हणाले, "मॅडम, ह्ये सगळं दादा बोलायचं?"

"हो. दर महिन्याला."

"घरात तर कवा बोलायचंच न्हाईत. गावाकडं आलं की जेवायचं, झोपायचं, सकाळच्या गाडीनं जायचं. आमास्नी वाटायचं, मानूसच अबोल हाय." त्यांनी सभागृहाकडे बघितलं. काकू कुणाला तरी काजू वाटत होत्या. "हितं समद्यांच्या बापाचं, आज्याचं ठावं हुतं त्यास्नी."

मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "माझ्याबद्दल कवा काय बोललं हुतं का?"

इतक्या वर्षांत एकदाही नाही. भावाचं नाव मी त्या फोनवरच पहिल्यांदा ऐकलं होतं. पण समोर साठीचा माणूस, हातात कप धरून उभा. मी म्हटलं, "बोलायचे की. नेहमी."

त्यांचा चेहरा असा काही उजळला! कप बाकावर ठेवून त्यांनी सदरा नीट केला, आणि सभेत आपलं नाव पुकारल्यावर माणूस उभा राहतो, तसे माझ्यापुढे सरळ उभे राहिले.

"काय म्हनायचं?"