नदीकाठचा वाटा

मी शाळेत भूगोल शिकवतो. ‘शहरे नदीकाठी वसतात’ हे वाक्य मी फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय, की एकदा किराणाच्या यादीतही साबणाच्या खाली लिहून बसलो होतो. बायको तो किस्सा अजून पाहुण्यांना सांगते. त्या वाक्यानं माझ्या थोरल्या भावाचं काय झालं, ते मात्र ती सांगत नाही. ते मीच सांगायला हवं.

आमचं गाव पुण्याच्या पश्चिमेला, पिरंगुटच्या पुढं, कासार आंबोलीच्या अंगाला. वडील गेल्यानंतर वर्षभरानं वाटणी झाली. आमच्या घराण्यात रीत अशी, की वाटे थोरल्यानं पाडायचे आणि आधी धाकट्यानं उचलायचा. म्हणजे थोरला वाकडं माप लावत नाही. दादानं दोन वाटे पाडले. एक, नदीकाठची भाताची खाचरं. दुसरा, रस्त्याकडेचा माळ. आकारानं दुप्पट, पण सगळा मुरूम, कुसळाशिवाय काही उगवायचं नाही. भावकीतले चौघं ओट्यावर बसले होते ते चहापुरतेच. मास्तर माळ घेणार, रस्त्याला लागून घर बांधणार, दारात एसटी पकडून शाळेला जाणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं. मला धड खुरपंही धरता येत नव्हतं. दादानं तर त्या सालचं भाताचं रोपसुद्धा खाचराच्या कोपऱ्यात टाकून ठेवलं होतं.

मी खाचरं उचलली.

माझा हिशेब सोपा होता. पुणं आज ना उद्या घाट चढून इकडं येणार. आलं की बसणार कुठं? नदीकाठी. वाई बघा, नाशिक बघा, पैठण बघा, खुद्द पुणं बघा. हे मी कुणाला बोललो नाही. पुस्तकातलं गुपित फुटेल अशी भीती वाटली असावी.

दादा थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, “बरं.”

उठताना वहिनीला सांगितलं, “मास्तर शिकलेला हाय. त्यानं कायतरी बघितलं असंल.” आणि मला, “रोप टाकलंय, तेवढं लावून घे. वाया नको जायला.”

पुणं आलं, माझ्या अंदाजापेक्षा लवकर आलं. पण ते रस्त्या-रस्त्यानं आलं. आधी कंपन्या, मग त्यांच्या मागं हॉटेलं, पंक्चरवाले, खोल्या, मग बंगले. दादाच्या माळावर पाया खणायला लागले तेव्हा ठेकेदार खूश झाला. हातभर खाली पक्का खडक. माझ्या काळ्या मातीवर नकाशात निळी पूररेषा पडली, तिच्या आत वीटही ठेवायची सोय नाही. नदी शहराला बोलावत होती, ती लोक हंड्यानं डोक्यावरून पाणी वाहून न्यायचे तेव्हा. आता पाणी टँकरनं येतं, आणि टँकर जिथं वळतो तिथं शहर बसतं. हे मला कळलं तेव्हा धडा शिकवून झाला होता.

मला गाव हसलं, ते ठीक आहे. दादाचं कुणाच्या लक्षात आलं नाही. माळावर आधी खोल्या झाल्या, लातूर-नांदेडकडची कंपनीतली पोरं राहायला आली, मग बिल्डिंग उभी राहिली. दादा तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला. बैल विकले. लोक म्हणायचे, नशीब काढलं. आणि हा माणूस रोज संध्याकाळी खाली उतरून, रस्ता ओलांडून माझ्या खाचराच्या बांधावर यायचा. बसायचा नाही. वाकून गवत उपटायचा आणि परत जायचा.

मी खाचरं कधी कुणाला अर्धेलीनं द्यायचो, कधी पडीक ठेवायचो. त्यानं एकदाच विचारलं. “मास्तर, औंदा वावर पडूनच ठेवणार हायेस का?”

त्याला काय हवंय ते मला उघड कळत होतं. “तू कर” एवढे दोनच शब्द. पण ते म्हणणं म्हणजे माझा भूगोल चुकला हे कबूल करणं. मी म्हटलं, “बघू. एक जण लग्नाच्या लॉनसाठी विचारतोय.” तसं कुणी विचारत नव्हतं.

“बरं,” दादा म्हणाला.

मागच्या उन्हाळ्यात त्याची उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्याच्या खाटेशी बसलो आणि म्हणालो, “दादा, खाचरं तू कर.”

त्यानं डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादं पोर ठेवावं तसा. “ह्याला इचार,” म्हणाला.

आषाढात मी स्वतः आवणीला उतरलो. गुडघाभर चिखल, पोट आडवं येतंय. शेजारच्या बायका हसून बेजार. “ओ मास्तर, रोप लावताय का पुरताय?” दादाला निदान बघायला आणावं म्हटलं, तर गाडी रस्त्यापर्यंतच येते. पुढं अर्धा मैल बांधावरची पाऊलवाट. खुर्चीचं चाक जाणार नाही. मग मी एका घमेल्यात खाचराचा चिखल भरला, मूठभर रोप घेतलं आणि लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्टमधल्या पोरानं विचारलं, “अंकल, ये क्या है?”

गॅलरीत घमेलं ठेवलं. दादानं डावा हात चिखलात घातला आणि बराच वेळ काढलाच नाही. मग एकेक रोप लावलं. मी मदतीला गेलो तर म्हणाला, “तू नको. लई खोल लावतुयास.”

वहिनी रोज पाणी घालायची. दसऱ्याच्या सुमारास त्याला लोंब्या आल्या. पण समोर नवी बिल्डिंग उठलीय, गॅलरीत ऊन सकाळचं घटकाभर. दादानं एक लोंबी बोटांत धरून दाबली.

“पोचट हाय.” मग माझ्याकडं न बघता, “तुझ्याकडचं कसं हाय?”

खोटं बोलावं असं फार वाटलं. पण माती त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती.

“भरलंय,” मी म्हणालो.

“बरं,” दादा म्हणाला, आणि लोंबीचा तूस बोटांनी घमेल्यात झटकला.