मी विलासला बाद दिलं

विलास गेल्याचं त्याच्या मुलीने फोनवर सांगितलं, आणि माझ्या तोंडून एवढंच निघालं, "किती वाजता?" पंचाची खोड... आधी वेळ विचारायची. त्याला आता दीड महिना झाला.

डिलाईल रोडच्या चाळीत आम्ही एकत्र वाढलो. तो कबड्डीतला चढाईपटू, त्या जोरावर बँकेत लागलेला. मी यथातथाच खेळलो आणि पंच झालो. गेल्या वर्षी त्याच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. सुपारीचं खांडही तोंडात न टाकलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, झेपेल तेवढी हालचाल ठेवा. या शहाण्याने धावायलाच सुरुवात केली. तेही आमच्या पद्धतीने. चाळीच्या फाटकातून एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत निघायचं, दम संपेल तिथे थांबायचं. सकाळी मी सोबत असायचो. आधी तो दूध केंद्रापर्यंत पोचायचा, केमोनंतर जेमतेम इस्त्रीवाल्याच्या टेबलापर्यंत. त्याने गाठ विरघळणार नव्हती, हे मला कळत होतं. पण तेवढ्या धावण्यासाठी तो दोन घास खायचा, गोळ्या घ्यायचा.

एका सकाळी टेबलाच्या अलीकडेच त्याने चोरून श्वास घेतला. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. माझा कान तीस वर्षं तेच ऐकत आलेला... मी बोलून गेलो, "दम तुटला."

तो थांबला. बाद झालेला खेळाडू जातो तसा मान खाली घालून कडेला गेला आणि एका दुकानाच्या पायरीवर बसला. दुसऱ्या दिवशी तो खाली उतरला नाही. नंतर कधीच नाही.

आठवड्याने त्याच्या खोलीत गेलो, तर नाकाला ऑक्सिजनची नळी. मी म्हटलं, माझी ऐकण्यात चूक झाली, उद्या परत जाऊ.

"नाही रे. घेतला होता श्वास," तो म्हणाला. "बरोबर दिलंस तू."

खेळायचा तेव्हा माझ्या प्रत्येक निर्णयावर अंगावर धावून यायचा, दोन-दोन दिवस बोलायचा नाही. त्या पलंगाशी मी तो भांडेल म्हणून उभा राहिलो... त्याने कूस बदलली.

अजून जातो त्यांच्याकडे. वहिनी मला खिडकीजवळच्या त्याच्या खुर्चीत बसवतात आणि भेटायला आलेल्यांना सांगतात की यांनी धावणं आपणहून सोडलं, शेवटी समज आली होती. मी चहा पितो आणि मान हलवतो.